हात असलेला सूर्य

डिसेंबरात बर्लिनला दुपारी चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. मावळतो असं आपलं म्हणायचं, कारण तो उगवल्याची खूणही कित्येकदा दिवसभर सापडत नाही. राखाडी दिवस हळूहळू काळा होतो, एवढंच. मी अकोल्याची. मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालायच्या आणि दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून ‘कधी एकदाचा हा कलतो’ म्हणत बसायचं, यात जन्म गेला. मला कधी सूर्याची आठवण येईल असं कोणी सांगितलं असतं तर हसले असते. पण लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले आणि खिडकीशी उभी राहून ढगात कुठे पांढुरका डाग दिसतो का, ते मी शोधायला लागले. लेकीच्या ते लक्षात आलं. म्हणाली, “आई, तू म्युझियमला जाऊन ये. तिथे निदान ऊब असते.”

म्हणून नॉयेस म्युझियम. तिथे सगळे जातात ते नेफरतितीसाठी, इजिप्तच्या एका जुन्या राणीच्या अर्धपुतळ्यासाठी. एका दालनात ती एकटी काचेत असते, फोटो काढायला बंदी, आणि लोक देवळातल्यासारखे हळू बोलतात. तिच्या डाव्या डोळ्यात बुबुळ बसवलेलं नाही. १९१२ च्या डिसेंबरात, म्हणजे अशाच दिवसांत, लुडविग बोर्खार्ट या जर्मन पुरातत्त्वज्ञाच्या माणसांना ती इजिप्तमधल्या अमार्नाच्या वाळूत सापडली; थुतमोस नावाच्या मूर्तिकाराच्या कारखान्यात. सुंदर आहे, यात वादच नाही. पण मी खिळून राहिले ते एका चुनखडीच्या तुकड्यापाशी. जेमतेम हातभर रुंद. नेफरतिती बघून आलेली माणसं त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जात होती.

त्या दगडावर एक घर कोरलंय. राजा आणि राणी समोरासमोर बसलेत. राजानं थोरल्या मुलीला उचलून तिचा पापा घेतलाय. मधली आईच्या मांडीवर बसून बापाकडे बोट दाखवतेय. धाकटी आईच्या खांद्यावर चढून मुकुटाला लोंबणाऱ्या दागिन्याशी खेळतेय. इजिप्तच्या राजांची चित्रं आपण पाहिलेली असतात ती शत्रूचे केस धरून गदा उगारलेली. हे असलं, पोरं अंगाखांद्यावर घेतलेलं राजघराणं त्याआधी कोणी कोरलेलं नव्हतं. आणि या सगळ्यांच्या वर, मधोमध, एक गोल. त्यातून सरळ रेषांत किरण खाली उतरतात, आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक छोटा पंजा आहे.

सूर्याला चेहरा नाही. बहिरी ससाण्याचं डोकं नाही, शरीर नाही, होडी नाही, बायको नाही. फक्त हात. या देवाचं नाव आतेन. राजाचं नाव अखेनातेन. त्या हातांपैकी काहींत ‘आंख’ आहे, जीवनाचं चिन्ह, आणि ते धरलंय राजाच्या आणि राणीच्या नाकाशी, श्वासासारखं. बाकीच्यांच्या नाही. आधी मला ते हातच आवडले. कुठे पोचतात ते मग बघितलं.

इजिप्तमध्ये सूर्याची पूजा अखेनातेननं सुरू केली असा एक समज असतो, माझाही होता. खरं तर त्याच्या आधी हजार-बाराशे वर्षं तिथे सूर्यच मोठा देव होता. हेलिओपोलिस, त्यांच्या भाषेत इउनू, हे त्याचं ठाणं. पाचव्या घराण्यातल्या राजांनी, म्हणजे इ. स. पू. २४०० च्या मागेपुढे, अबूसिरजवळ सूर्यासाठी खास देवळं बांधली होती. पण तो सूर्य एकाच रूपात राहत नसे. सकाळी तो खेप्री, शेणाचा गोळा ढकलणारा भुंगा. दुपारी रे. संध्याकाळी आतुम, थकलेला म्हातारा. आणि मावळला की तो होडीत बसून पाताळातून निघायचा. रात्रीचे बारा तास, बारा टप्पे, वाटेत अपेप नावाचा महासर्प. तिथे खाली मेलेली माणसं त्याची वाट बघत असत, कारण त्यांच्या वाट्याचा उजेड तेवढाच. पहाटे तो सापाला हरवून पुन्हा भुंगा होऊन वर येई. सूर्य आपल्याला दिसत नाही तेव्हा तो कुणाच्या तरी कामात असतो, असा हा हिशोब होता.

दुसरा मोठा देव होता थेब्स शहराचा आमुन. त्याच्या नावाचा अर्थच ‘लपलेला’. कार्नाकच्या देवळात चौकामागून चौक ओलांडत गेलं की छत खाली येत जातं, जमीन वर येत जाते, उजेड कमी होत जातो आणि अगदी आत काळोखात देव. त्याला पहाटे उठवायचं, आंघोळ घालायची, वस्त्र नेसवायचं, सुगंधी तेल लावायचं, नैवेद्य दाखवायचा. काकडआरती ते शेजारती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. साध्या माणसाला त्या आतल्या खोलीत प्रवेश नव्हताच. पण वर्षातून काही वेळा देव स्वतः बाहेर पडे. ओपेतच्या उत्सवात आमुनची होडी पुजाऱ्यांच्या खांद्यांवरून कार्नाकहून लक्सॉरला निघे, आणि अशा वाटेवर लोक त्याला प्रश्न विचारत. चोरी कुणी केली, घर कुणाचं. होडी पुढे झुकली तर होय, मागे सरली तर नाही. आपल्याकडे कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात, त्यातलाच हा प्रकार. खांदा देणाऱ्यांनी कल ठरवला असेलही. पण देव गल्लीत येत होता, आणि बाई त्याला विचारू शकत होती.

‘आतेन’ हा शब्द जुनाच. सूर्याचं बिंब, थाळी. अखेनातेनचा बाप तिसरा आमेनहोतेप स्वतःला ‘झळाळतं आतेन’ म्हणवून घेई, त्याच्या राजनौकेचं नावही तसंच होतं. मुलाचंही नाव सुरुवातीला आमेनहोतेपच होतं, म्हणजे ‘आमुन संतुष्ट आहे’. इ. स. पू. १३५३ च्या सुमारास तो गादीवर आला आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास त्यानं नाव टाकलं. अखेनातेन झाला. थेब्स सोडलं आणि नाईलच्या पूर्वेकडे, जिथे कोणत्याच देवाची, देवीची, राजाची, राणीची मालकी नव्हती अशा ओसाड जागी नवं शहर वसवायला घेतलं. नाव अखेतातेन, आतेनचं क्षितिज. तेच आजचं अमार्ना. तिथे पूर्वेच्या डोंगरकड्यात एक खिंड आहे. त्यातून सूर्य वर येताना दिसला की चित्रलिपीतलं ‘क्षितिज’ हे अक्षर डोंगरानंच लिहिल्यासारखं होतं. दोन टेकड्या आणि मध्ये गोळा. मला वाटतं जागा त्यानं निवडली ती तेव्हाच.

शहराच्या हद्दीवरच्या कड्यांत त्यानं शिलालेख कोरवले. त्यातली एक शपथ फार गमतीची आहे. आतेनसाठी शहर मी इथेच बांधणार, दुसरीकडे नाही. आणि महाराणी मला म्हणाली की बघा, तिकडे एक छान जागा आहे, तरी मी तिचं ऐकणार नाही. बायकोचं ऐकणार नाही असं डोंगरावर कोरून ठेवणारा नवरा जगाच्या इतिहासात दुसरा नसावा. नेफरतिती खरंच तसं काही म्हणाली होती की काय कोण जाणे.

नव्या देवाची देवळं उघडी होती. छत नाही, काळोख नाही, आतली खोली नाही. एकट्या माणसाला उचलता येतील असे साधारण अर्धा मीटर लांबीचे दगड वापरून ती झपाट्यानं उभी केली. अंगणात नैवेद्याच्या ओट्यांच्या रांगाच्या रांगा, शेकड्यांनी. वर ऊन. हे सगळं वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की दुपारी काय करत असतील? मग कळलं की हा प्रश्न माझ्याआधी अश्शूरच्या राजाला पडला होता. १८८७ मध्ये अमार्नाच्या ढिगाऱ्यात भाजक्या-कच्च्या मातीच्या पाट्या निघाल्या, आज जवळपास ३८० माहीत आहेत, बऱ्याचशा बर्लिनलाच आहेत. ती फॅरोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, परराष्ट्रखात्याची फाइल. त्यात या राजाचं, अश्शूर-उबाल्लितचं, पत्र आहे. तो विचारतो, माझ्या दूतांना सारखं उन्हात का उभं करता? उन्हात उभं राहण्यात राजाचा काही फायदा असेल तर मरू दे त्यांना उन्हात, पण राजाचा फायदा तरी होऊ दे! अकोल्याच्या बाईला या पत्राइतकं जवळचं काही त्या काळात सापडलं नाही.

याच फाइलमध्ये मितन्नीच्या तुशरत्ताचीही पत्रं आहेत. नाव वाचतानाच आपले कान टवकारतात. हे राजे आजच्या सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेकडचे, पण त्यांच्या नावांत आपल्या जुन्या भाषेचा धागा आहे. तुशरत्तानं आपली मुलगी इजिप्तला दिली होती, आणि त्याच्या मुलानं त्याच सुमारास हित्ती राजाशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका मोठ्या सत्तेशी, केलेल्या तहात साक्षीला बोलावलेले देव आहेत मित्र, वरुण, इंद्र, नासत्य. म्हणजे नाईलकाठी सगळे देव पुसण्याचं काम चाललं होतं तेव्हा फार लांब नाही अशा दुसऱ्या दरबारात ऋग्वेदातली मंडळी इतर शेकडो देवांच्या गर्दीत साक्षीदार म्हणून उभी होती. गर्दीला कुणाची हरकत नव्हती.

आतेनचं मोठं स्तोत्र आय नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर आहे, तेरा ओळी उभ्या. ते मात्र खरंच थोर आहे. अंड्यात चिवचिवणाऱ्या पिलाला तू आतच श्वास देतोस, ते पुरतं झालं की कवच फोडायचं बळ देतोस, आणि ते बाहेर येऊन आपल्या पायांवर चालायला लागतं. पाण्यातले मासे तुझ्यासमोर उड्या मारतात, कारण तुझे किरण समुद्राच्या पोटात पोचतात. माणसांच्या भाषा वेगळ्या, कातडीचे रंग वेगळे, ते तूच केलेस. आणि माझी सगळ्यात आवडती जागा: ज्या देशांना नाईल नाही त्यांच्यासाठी तू आकाशात एक नाईल ठेवलास, तो खाली उतरतो आणि त्यांची शेतं भिजवतो. इजिप्शियन माणूस पाऊस असा सांगतो. परक्या देशातल्या शेताचीही काळजी त्यात आहे, हे मला फार मोठं वाटतं. बायबलमधल्या १०४ व्या स्तोत्राशी त्याचं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. मोझेसनं धर्म इथूनच उचलला असा अंदाज फ्रॉईडनं केला होता, त्याला पुरावा काही नाही.

पण त्याच स्तोत्रात रात्र कशी आहे बघा. तू मावळलास की पृथ्वी मेल्यासारखी काळोखात जाते. माणसं डोकी झाकून झोपतात, उशाखालचं सगळं चोरीला गेलं तरी कळणार नाही. सिंह गुहेतून बाहेर येतात, साप चावतात. बस. जुना सूर्य रात्री पाताळात मेलेल्यांकडे जायचा. हा रात्री कुठेच जात नाही, फक्त नसतो. मेलेल्यांचा देव ओसिरिस, त्याचं नावही नाही. आणि शेवटाकडे ओळ येते: तुला ओळखणारा दुसरा कोणी नाही, तुझ्या या पुत्राखेरीज. पुत्र म्हणजे स्वतः राजा. अंड्यातल्या पिलापर्यंत पोचलेला देव माणसापर्यंत येताना एका दारातून येतो, आणि दारात अखेनातेन उभा.

मग बर्लिनच्या त्या दगडाचं कोडं उलगडतं. तो होता देव्हारा. मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी, बागेत, पूजेसाठी ठेवायचा. घरमालकानं रोज सकाळी त्याच्यापुढे उभं राहायचं आणि वरच्या गोलाकडे बघायचं ते खालच्या कुटुंबामार्गे. हात आपल्याकडे येत नाहीत. राजाच्या नाकाशी येतात, आणि राजाकडून आलं तर आपल्याला. आमुनची होडी बंद झाली होती. तिच्या जागी राजा-राणी सोन्यानं मढवलेल्या रथातून राजमार्गानं जात, आणि लोकांनी वाकायचं. रथाला प्रश्न विचारता येत नाही.

छिन्नीवाले बाहेर पडले ते नंतर. देशभर आमुनचं नाव जिथे जिथे कोरलेलं होतं तिथे ते फोडून काढलं. उंच स्तंभांच्या टोकावरही चढले. बापाच्या नावात ‘आमुन’ येतो म्हणून बापाचं नावही फोडलं. काही ठिकाणी ‘देव’ या शब्दाचं अनेकवचन. आणि हे फक्त सरकारी कामगारांनी केलं नाही, हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. काजळाच्या डब्या सापडल्यात, अंगठीतले छोटे भुंगे सापडलेत, त्यांच्यावरचं आमुनचं नाव खरवडलेलं. घरातल्या कपाटातली डबी कुठला अधिकारी तपासायला येणार होता? पण बाईनं सुईसारखं काहीतरी घेऊन आजीच्या डबीवरचा देव स्वतःच खरवडला. कुणी शेजारी बघेल म्हणून.

त्याच शहरात, आतेनच्या डोळ्यांदेखत, मातीचे साचे सापडलेत. निळी-हिरवी चमकदार ताईतं पाडायचे साचे. कसले ताईत? बेस, म्हणजे जीभ काढून नाचणारा बुटका, बाळंतिणीचा राखणदार. तावेरेत, पोट सुटलेली पाणघोडी, तीही बाळंतिणीचीच. कामगारांच्या वस्तीत एका घराच्या भिंतीवर बेस नाचताना रंगवलाय. सूर्य गर्भातल्या बाळाला वाढवतो हे स्तोत्रात ठीक आहे, पण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर तो कुठे असतो? तेव्हा जीभ काढणारा बुटका बरा. आतेनला या बुटक्यांशी भांडायचं कारणच वाटलं नसावं. ते फार खालच्या पातळीवरचे होते.

खालच्या पातळीवरचं आणखी एक सापडलं. पुरातत्त्वज्ञ बॅरी केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून अमार्नातली साध्या लोकांची स्मशानं खणली. वाळूतले खड्डे, चटईत गुंडाळलेली शरीरं. हाडांवर कुपोषणाच्या खुणा, ओझी वाहून झिजलेले मणके, मोडलेल्या बरगड्या. उत्तरेकडच्या एका स्मशानात तर बहुतेक सगळी सात ते पंचवीस वर्षांमधली, त्यातही निम्म्याहून जास्त पंधराच्या आतली. काही खड्ड्यांत दोघं-तिघं एकत्र. त्या वयाच्या मुलांच्या पाठी अशा का झाल्या असतील, याचा अंदाज करायला मला पुरातत्त्व शिकावं लागत नाही. दगड एका माणसाला उचलता येईल असे होते, हे मी वर मोठ्या कौतुकानं लिहिलंय. तो माणूस कधी कधी दहा वर्षांचा असावा.

याला एकेश्वरवाद म्हणायचं का, यावर विद्वानांत बरीच खडाखडी आहे. सुरुवातीच्या काळात आतेनच्या नावात होराख्ती आणि शू हे जुने देव आहेतच. नंतर तेही गाळले. हद्दीच्या शिलालेखात हेलिओपोलिसचा पवित्र बैल इथे आणून पुरायचा, असंही कलम आहे. म्हणजे सफाई टप्प्याटप्प्यानं झाली. मला स्वतःला तो शब्द लावायला अडचण वाटत नाही, पण एकाऐवजी दीड म्हणावंसं वाटतं. अर्धा राजा. आपल्याकडे ‘एकं सद्’ म्हणणाऱ्या ऋषीनं इंद्र, मित्र, वरुण ही नावं त्याच ऋचेत ठेवली आणि मग एक म्हटलं. अखेनातेननं आधी नावं पुसली. वाट चुकली ती इथे, असं मला वाटतं. देव एक मानल्यामुळे नाही.

तरी त्याच्यावर रागही धरवत नाही. डोंगरातल्या राजथडग्याच्या एका खोलीत मधली मुलगी मेकेतातेन मेल्याचं चित्र आहे. तीच, दगडावर आईच्या मांडीत बसून बोट दाखवणारी. राजा-राणी तिच्यापुढे वाकून रडताहेत. तिला होडीत घेऊन पाताळातून पहाटेपर्यंत आणणारा कोणी उरलेला नव्हता. तो त्यानंच घालवला होता.

राज्याच्या सतराव्या वर्षी अखेनातेन गेला. त्याच्या पाठोपाठ आलेल्या राज्यकर्त्याच्या तिसऱ्या वर्षी थेब्समध्ये पवाह नावाच्या लेखनिकासाठी एका जुन्या थडग्याच्या भिंतीवर प्रार्थना लिहिली गेली. आमुनला. परत फिर आमच्याकडे. तू दिलेला अंधार मला दिसतोय. आता उजेड कर, म्हणजे तू दिसशील. पवाह खरोखरच आंधळा झाला होता असं काही जण मानतात. असेलही. देशात सूर्याखेरीज दुसरा देव नाही अशी वर्षं उलटल्यावर एक माणूस लपलेल्या देवाकडे उजेड मागत होता.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. पोरसवदा तुतनखातेन गादीवर आला, तुतनखामुन झाला, कार्नाकला शिलालेख लावला की देवळांत गवत माजलं होतं आणि देवाला हाक मारली तर तो येत नव्हता. राजधानी सुटली. वीसेक वर्षांत शहर ओस पडलं. होरेमहेब राजानं आतेनची देवळं पाडून तेच छोटे दगड हजारोंनी कार्नाकच्या नव्या प्रवेशद्वारांत भर म्हणून कोंबले. उन्हावाऱ्यापासून दूर राहिल्यामुळे त्यांच्यावरचे रंग टिकले, आणि आज ते कोडं जुळवत बसायला अभ्यासकांना आयुष्य पुरत नाही. राजांच्या याद्यांतून अखेनातेनला वगळलं. उल्लेख करायची वेळ आलीच तर ‘अखेतातेनचा तो शत्रू’.

आणि ती धाकटी? आईच्या खांद्यावरची. तिचं नाव होतं अंखेसेनपातेन. तिचं लग्न तुतनखामुनशी झालं आणि तिच्याही नावातला आतेन जाऊन आमुन आला, अंखेसेनामुन. तुतनखामुनच्या थडग्यात १९२२ मध्ये सापडलेलं सोन्याचं सिंहासन आपण पुस्तकांत पाहिलेलं असतं. त्याच्या पाठीवर ती नवऱ्याच्या खांद्याला तेल लावतेय, आणि दोघांच्या डोक्यावर तोच गोल आहे, तेच किरण, तेच छोटे पंजे, दोघांच्याच नाकाशी आंख धरलेले. सिंहासनावर नावं दोन्ही आहेत: काही ठिकाणी आतेनवाली तशीच राहिलेली, काही ठिकाणी बदलून आमुन केलेला. भिंती पाडल्या, दगड गाडले. पण एवढी सोन्याची खुर्ची कोण मोडणार. ती तशीच राजाबरोबर पुरली, हातांसकट, अंधारात.